यादृच्छिक संख्या जनकाचे बीजारोपण

संगणकाच्या परिचालन प्रणालीत (यंत्राची साधने व त्यावर चालणाऱ्या इतर सर्व आज्ञावली यांचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीत) अंदाज बांधता येणार नाही अशा संख्या पुरविणारी एक यंत्रणा असते. तीस यादृच्छिक संख्या जनक असे म्हणतात. ज्या आरंभीच्या मूल्यापासून ही यंत्रणा पुढील सर्व संख्या निर्माण करते त्या मूल्यास ‘बीज’ आणि ते मूल्य यंत्राच्या भौतिक घटकांतून गोळा करून जनकास देण्याच्या क्रियेस ‘बीजारोपण’ ही संज्ञा आहे. बँकेच्या व्यवहारांत वापरावयाच्या गुप्त किल्ल्या, दूरच्या यंत्राशी होणारे सुरक्षित संभाषण, अंकीय स्वाक्षरी इ. गोष्टींची सुरक्षितता गुप्तलेखनाच्या ज्या गणितावर उभी असते ते गणित सामान्यतः प्रसिद्ध व सर्वांस ठाऊक असते. गुप्त असते ती केवळ किल्ली. किल्ली ही यादृच्छिक संख्या असल्यामुळे बीजाचा अंदाज ज्याला बांधता आला त्याला गणित मोडण्याची गरजच उरत नाही.

संगणक हे निर्धारित रीतीने चालणारे यंत्र आहे. एकच आज्ञावली एकाच आदानावर कितीही वेळा चालविली, तरी प्रदान तेच मिळते. हिशेबाच्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा गुण होय. पण कोणालाही न समजेल अशी संख्या निवडावयाची असेल, तेव्हा हाच गुण आड येतो. गणिती रीतीने काढलेल्या संख्यांना म्हणूनच आभासी यादृच्छिक संख्या म्हणतात. जॉन फोन नॉयमान (१९०३–५७) यांनी सुचविलेल्या एका जुन्या रीतीत चार अंकी संख्येचा वर्ग करून त्याचे मधले चार अंक पुढील संख्या म्हणून घेतले जात. १२३४ या बीजाचा वर्ग ०१५२२७५६ येतो व त्यातून ५२२७ ही संख्या मिळते. तिच्या वर्गातून (२७३२१५२९) ३२१५ ही संख्या मिळते व याप्रमाणे क्रम पुढे चालतो. ५२२७, ३२१५, … हे अंक पाहणाऱ्यास अनियमित भासतात. परंतु रीत व बीज ठाऊक असणारा कोणीही तोच क्रम पुन्हा काढू शकतो. शिवाय चार अंकी बीजे १०,००० च असल्यामुळे एकूण क्रमही तेवढेच संभवतात आणि ते सर्व तपासून पाहणे आजच्या यंत्राला क्षणाचेही काम नाही. आधुनिक जनकांचे गणित याहून पुष्कळच भक्कम असले, तरी ही मर्यादा त्यांनाही लागू पडते. जनकातून किती लांब क्रम बाहेर पडतो याला महत्त्व नाही. बीजात जेवढी अनिश्चितता असेल तेवढीच त्या क्रमात असते. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

या बाबतीत एक गैरसमज वारंवार आढळतो. अंकांची वारंवारता, जोड्यांचे प्रमाण, पुनरावृत्ती इ. सांख्यिकीय कसोट्यांना उतरलेला क्रम सुरक्षित असतो, असे मानले जाते. वास्तविक शून्य हे बीज देऊन चालविलेला चांगला गुप्तलेखनीय जनकही या सर्व कसोट्यांना उतरतो. मात्र त्याची प्रत्येक संख्या हल्लेखोराला आधीच काढून ठेवता येते. म्हणजे बीजातील दोष प्रदानाकडे पाहून कळत नाही. पुलाला तडा गेला तर तो दिसतो. येथे दोष असूनही सर्व व्यवहार वर्षानुवर्षे सुरळीत चाललेले दिसतात.

अनिश्चिततेचे मापन : अनिश्चिततेचे परिमाण एंट्रॉपी या राशीने व्यक्त करतात. क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांनी १९४८ मध्ये माहिती सिद्धांतात ही राशी आणली व तिचे एकक बिट हे आहे. समतोल नाण्याच्या एका फेकीत एक बिट एंट्रॉपी असते. तथापि शॅनन यांची राशी सरासरीवर आधारलेली असल्याने बीजासाठी ती पुरेशी ठरत नाही. समजा, एखादे साधन ० ते २५५ यांपैकी एक संख्या देते. मात्र निम्म्या वेळा ती शून्यच असते व उरलेल्या वेळी बाकीच्या २५५ संख्यांपैकी कोणतीही सारख्याच संभाव्यतेने येते. या साधनाची शॅनन एंट्रॉपी जवळजवळ ५ बिट भरते; पण हल्लेखोराने दर वेळी ‘शून्य’ असा तर्क केला, तरी निम्म्या वेळा तो बरोबर ठरतो. म्हणून बीजाच्या संदर्भात सर्वांत संभाव्य मूल्यावरून काढलेली किमान एंट्रॉपी विचारात घेतात. वरील साधनासाठी ती केवळ एक बिट आहे. आजकाल २५६ बिट किमान एंट्रॉपी असलेले बीज पुरेसे मानतात. सर्व संभाव्य बीजे तपासण्यासाठी तेव्हा २ चा २५६ वा घात इतके प्रयत्न लागतील आणि कोणत्याही कल्पनीय यंत्राला ते शक्य नाही.

इतिहास : भौतिक घटनेतून यादृच्छिक अंक मिळविण्याची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात १९५१ मध्ये बसविलेल्या फेरांटी मार्क १ या संगणकात ॲलन ट्यूरिंग (१९१२–५४) यांच्या आग्रहावरून विद्युत् गोंगाटापासून यादृच्छिक अंक देणारी एक स्वतंत्र आज्ञा ठेवलेली होती. ब्रिटनमधील प्रीमियम बाँडांची सोडत काढण्यासाठी १९५७ पासून वापरात आलेल्या ‘अर्नी’ या यंत्रात निऑन वायूच्या नलिकांतील विसर्जनाचा गोंगाट उपयोगात आणला होता. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने १९५५ मध्ये दहा लाख यादृच्छिक अंकांचे कोष्टक ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्याचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. त्यासाठी बनविलेले इलेक्ट्रॉनीय यंत्र नव्याने जुळविल्यावर ठीक अंक देई. परंतु जुळणी न करता बराच काळ चालत राहिल्यावर अंकांत सूक्ष्म कल दिसू लागला. अखेर छिद्रित पत्रांवरील अंकांत आधीच्या पत्रावरील अंक मिळवून व बेरजेतील एककस्थानचा अंक घेऊन तो कल घालवावा लागला. भौतिक साधनावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही व त्याच्या कच्च्या प्रदानावर काही गणिती संस्कार करावेच लागतात, हे तेव्हापासून सिद्ध आहे.

अशा संस्काराची सर्वांत सोपी रीत फोन नॉयमान यांनी १९५१ मध्ये दिली. बिटांच्या जोड्या घ्याव्यात. ०१ आल्यास ०, १० आल्यास १ लिहावे आणि ०० व ११ या जोड्या टाकून द्याव्यात. बिट परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर ०१ व १० यांची संभाव्यता नेमकी सारखी असते; मग साधनाचा कल कितीही असो. साधन १०० पैकी ७० वेळा १ देत असेल, तर १०० कच्च्या बिटांतून सरासरीने २१ निर्दोष बिट हाती लागतात. नासाडी बरीच होते; शिवाय लागोपाठच्या बिटांत परस्परसंबंध असल्यास ही रीत निरुपयोगी ठरते.

बीजाचे उद्गम : यंत्रातील उद्गमांचे ढोबळपणे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात केवळ याच कामासाठी बनविलेली मंडले येतात. रोधकातील इलेक्ट्रॉनांच्या ऊष्मीय हालचालीमुळे त्याच्या टोकांमध्ये अतिसूक्ष्म व अनियमित विद्युत् दाब उत्पन्न होतो. तो विवर्धित करून ठराविक क्षणी मोजल्यास यादृच्छिक बिट मिळतात. इंटेल कंपनीने १९९९ च्या सुमारास आपल्या काही चिप-संचांत या तत्त्वावरील जनक बसविला होता. उलट दाब दिलेल्या डायोडातील अवपात गोंगाट, तसेच विषम संख्येने वर्तुळाकार जोडलेल्या व्युत्क्रमकांच्या आंदोलकातील सूक्ष्म कालिक थरथर हेही याच प्रकारचे उद्गम होत. इंटेलच्या २०१२ मधील ‘आयव्ही ब्रिज’ या प्रक्रियकापासून वापरात आलेल्या मंडलाची युक्ती मोठी सुबक आहे. त्यात एकमेकांस उलटसुलट जोडलेले दोन व्युत्क्रमक असतात. अशी जोडी स्थिर राहू शकते ती ० किंवा १ या दोनच अवस्थांत. पण तिला मुद्दाम या दोहोंच्या मधल्या डळमळीत अवस्थेत आणून सोडून देतात. डोंगराच्या धारेवर ठेवलेला गोटा कोणत्या उतारावर गडगडेल हे जसे वाऱ्याच्या झुळुकीवर ठरावे, तसे ही जोडी कोणत्या अवस्थेत स्थिरावेल हे ऊष्मीय गोंगाट ठरवितो. ही क्रिया सेकंदाला सुमारे ३ अब्ज वेळा घडते व मिळालेल्या कच्च्या बिटांवर गुप्तलेखनीय संस्कार करूनच ते बाहेर दिले जातात. ‘आरडीरँड’ या आज्ञेने या मंडलाच्या बिटांपासून वारंवार बीज घेणाऱ्या जनकाचे प्रदान मिळते, तर २०१४ मध्ये आलेली ‘आरडीसीड’ ही आज्ञा संस्कारित बिट पुरविते व ती इतर जनकांना बीज देण्यासाठीच योजलेली आहे.

दुसऱ्या वर्गातील साधने मुळात अन्य कामांसाठी असतात. माणसाच्या कळफलकावरील दोन आघातांमधील काल, माऊसची हालचाल, चकतीने माहिती देण्यास घेतलेला वेळ, संगणक जाळ्यातून पुडके येऊन पोहोचण्याचा क्षण या घटना प्रक्रियकाला व्यत्यय-संकेताने कळतात. प्रत्येक संकेत आला की, परिचालन प्रणाली अतिजलद गणित्राचे त्या क्षणीचे मूल्य टिपून घेते. तीन गिगॅहर्ट्‌झ वेगाच्या प्रक्रियकात हे गणित्र एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) तीनदा पुढे सरकते. कळ दाबण्याची वेळ बाहेरच्या माणसाला सेकंदापर्यंत सांगता येईल. पण गणित्राचे शेवटचे अंक खुद्द कळ दाबणाऱ्यालाही सांगता येणार नाहीत. फिरत्या चकतीच्या बाबतीत ही अनिश्चितता कोठून येते, याचा अभ्यास डॉन डेव्हिस, रॉस इहाका व फिलिप फेन्स्टरमाकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. चकतीच्या पेटीतील हवेच्या प्रक्षोभामुळे तिच्या परिभ्रमणाच्या वेगात सूक्ष्म चढउतार होतात, असे त्यांनी दाखविले. पुढे हलते भाग नसलेली अर्धसंवाहक साठवण प्रचारात आली आणि हा उद्गम बहुतेक यंत्रांतून नाहीसा झाला. यंत्र जितके वेगवान व नियमित होते तितके ते बीजाच्या दृष्टीने दरिद्री होते, ही मोठी विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल.

साठा व मिश्रण : कोणत्याही एका उद्गमावर न विसंबता सर्व उद्गमांतून येणारी मूल्ये एका साठ्यात मिसळावयाची व साठ्याच्या सारापासून जनकाला बीज द्यावयाचे, अशी रचना बहुतेक परिचालन प्रणालींत असते. लिनक्स या मुक्त परिचालन प्रणालीत ती थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये प्रथम लिहिली. मिश्रणासाठी आता हॅश फलन (कितीही लांब माहितीपासून ठराविक लांबीचे, उलट दिशेने काढता न येणारे सारमूल्य देणारे फलन) वापरतात. चांगल्या मिश्रणाचा एक महत्त्वाचा गुण असा की, साठ्यात निरुपयोगी वा हल्लेखोराला ठाऊक असलेले मूल्य पडले, तरी आधीची अनिश्चितता कमी होत नाही. पाण्यात रंग एकदा मिसळला की वरून आणखी पाणी ओतल्याने रंग निघून जात नाही, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे रंग फिकाही होत नाही.

खरी अडचण असते ती हिशेबाची. येणाऱ्या प्रत्येक मूल्यात किती एंट्रॉपी आहे हे निश्चितपणे सांगता येत नाही; केवळ अंदाज करता येतो. लिनक्समध्ये लागोपाठच्या घटनांच्या वेळांतील प्रथम, द्वितीय व तृतीय अंतरे काढून त्यांतील लहानात लहान अंतरावरून अंदाज करतात व तो मुद्दाम कमी धरतात. कितीही मोठे अंतर आले, तरी एका घटनेस ११ बिटांहून अधिक श्रेय देत नाहीत. घटना ठराविक अंतराने येऊ लागल्या की ही अंतरे शून्याकडे जातात आणि श्रेयही मिळत नाही.

गोळा झालेली एंट्रॉपी जनकाला केव्हा द्यावी, या प्रश्नाला वाटते त्याहून अधिक महत्त्व आहे. समजा, हल्लेखोराला जनकाची सध्याची अवस्था ठाऊक आहे व त्याला प्रदानही दिसत आहे. आता जनकाला ८ बिटांचा एक हप्ता याप्रमाणे १६ हप्त्यांत १२८ बिट दिले, तर हल्लेखोर प्रत्येक हप्त्यानंतर २५६ शक्यता तपासून नवी अवस्था ओळखतो. त्याला एकूण ४,०९६ प्रयत्न पुरतात. तेच १२८ बिट साठवून एकदम दिले, तर २ चा १२८ वा घात इतके प्रयत्न लागतील. म्हणून थेंबथेंब बीज देण्यापेक्षा ते साचवून एकदाच देणे आवश्यक ठरते. नील्स फर्ग्युसन व ब्रूस श्नायर यांनी २००३ मध्ये मांडलेल्या ‘फॉर्च्युना’ या रचनेत ३२ साठे असतात व येणारी मूल्ये त्यांत आळीपाळीने टाकली जातात. पहिला साठा प्रत्येक पुनर्बीजारोपणात, दुसरा दर दुसऱ्या, तिसरा दर चौथ्या, चौथा दर आठव्या खेपेस याप्रमाणे वापरला जातो. एंट्रॉपी किती मंद गतीने येते याचा अंदाज न करताही कोणता ना कोणता साठा पुरेसा भरल्यावरच रिकामा होईल, अशी हमी त्यामुळे मिळते. फ्रीबीएसडी या प्रणालीने २०१६ मध्ये ही रचना स्वीकारली. लिनक्सने अंदाजाची पद्धत कायम ठेवली. तिचा साठा २०२२ पासून ‘ब्लेक२एस’ या हॅश फलनावर व जनक २०१६ पासून ‘चाचा२०’ या सांकेतिक रीतीवर चालतो. सुरुवातीच्या काळानंतर सुमारे दर मिनिटास त्याला नवे बीज मिळते.

लिनक्समध्ये ‘/डेव्ह/रँडम’ व ‘/डेव्ह/यूरँडम’ अशी दोन द्वारे दीर्घकाळ होती. पहिले द्वार हिशेबातील एंट्रॉपी ‘संपली’ की वाचकाला थांबवून ठेवी, दुसरे कधीच थांबवीत नसे. दाण्यांच्या कणगीप्रमाणे एंट्रॉपी उपसली की संपते ही कल्पना सामान्य माणसाला पटण्यासारखी असली, तरी ती योग्य नव्हती. २५६ बिटांचे बीज एकदा खरोखर मिळाले की भक्कम जनक त्यापासून व्यवहारात लागतील तेवढ्या संख्या देऊ शकतो. लिनक्समधील हा अडसर २०२० मध्ये काढून टाकण्यात आला. उलट ज्या ठिकाणी थांबणे अत्यावश्यक होते, त्या ठिकाणी दुसरे द्वार थांबत नव्हते. त्याचा विचार पुढे केला आहे.

आरंभीचा काळ : यंत्र सुरू झाल्यापासूनचे पहिले काही सेकंद बीजाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. साठा रिकामा असतो, माणसाने कळफलकाला हात लावलेला नसतो आणि नेमक्या याच वेळी अनेक आज्ञावली किल्ल्या मागू लागतात.

अपुऱ्या बीजाचे पहिले गाजलेले उदाहरण १९९५ मधील असून ते परिचालन प्रणालीचे नव्हे, तर तिच्यावर चालणाऱ्या नेटस्केप या ब्राउझरचे आहे. बर्कली येथील इअन गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले की, त्या ब्राउझरचा जनक वेळ व प्रक्रियांचे दोन क्रमांक यांपासूनच बीज बनवीत होता. त्याच यंत्रावर खाते असलेल्याला ते क्रमांक पाहता येत व सेकंदही अजमावता येई. राहत ती मायक्रोसेकंदांची दहा लाख मूल्ये. किल्ली १२८ बिटांची म्हणविली जात असली, तरी तिची खरी ताकद अशा वेळी जेमतेम २० बिटांची होती. डेबियन या लिनक्स-वितरणात २००६ मध्ये एका दुरुस्तीच्या भरात ओपनएसएसएल या आज्ञासंग्रहातील बीज मिसळणाऱ्या ओळीच वगळल्या गेल्या. मे २००८ मध्ये ही गोष्ट उघडकीस येईपर्यंत प्रक्रियेच्या क्रमांकाखेरीज दुसरी अनिश्चितताच त्यात उरलेली नव्हती. परिणामी एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या जगभर मिळून सुमारे ३२ हजारच संभवत होत्या.

परिचालन प्रणालीच्या बीजाचा दोष किती दूरवर पसरला आहे, हे कळले २०१२ मध्ये. नादिया हेनिंजर, झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो व जे. ॲलेक्स हाल्डरमन यांनी सबंध इंटरनेट धुंडाळून लक्षावधी यंत्रांच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या व त्यांची परस्परांशी तुलना केली. लोझॅन येथील आर्येन लेन्स्ट्रा यांच्या गटानेही त्याच सुमारास असाच अभ्यास केला. आरएसए पद्धतीत दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सार्वजनिक असतो व त्या दोन संख्या गुप्त असतात. गुणाकारावरून अवयव काढणे अतिशय अवघड असल्याने पद्धत सुरक्षित राहते. मात्र दोन वेगवेगळ्या यंत्रांच्या गुणाकारांत एक मूळ संख्या सामाईक निघाली, तर सर्व संरक्षण ढासळते. लहान संख्यांचे उदाहरण घेऊ. एका यंत्राची सार्वजनिक संख्या १०,४०३ व दुसऱ्याची १०,८०७ आहे. दोहोंतील वजाबाकी ४०४. १०,४०३ ला ४०४ ने भागल्यास बाकी ३०३. ४०४ ला ३०३ ने भागल्यास बाकी १०१. व १०१ ने ३०३ ला निःशेष भाग जातो. म्हणजे महत्तम साधारण विभाजक १०१ आहे आणि दोन्ही यंत्रांची गुपिते (१०१ × १०३ व १०१ × १०७) शाळेत शिकविल्या जाणाऱ्या यूक्लिडच्या रीतीने उघडी पडली. शेकडो अंकी संख्यांनाही हीच रीत तितक्याच सहजतेने लागू पडते. हेनिंजर व सहकाऱ्यांना या मार्गाने तपासलेल्या सुरक्षित संकेतस्थळ-यंत्रांपैकी ०·५० टक्का यंत्रांच्या गुप्त आरएसए किल्ल्या काढता आल्या. दूरस्थ प्रवेशासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएच यंत्रांपैकी १·०३ टक्का यंत्रांच्या डीएसए या दुसऱ्या प्रकारच्या किल्ल्याही, स्वाक्षऱ्यांतील अपुऱ्या यादृच्छिकतेमुळे, त्यांच्या हाती आल्या.

दोन अनोळखी यंत्रांना एकच मूळ संख्या मिळावी हा योगायोग नव्हता. दोषी यंत्रे मुख्यत्वे राउटर, अग्निरोधी भिंतीची पेटी यांसारखी छोटी उपकरणे होती. त्यांना कळफलक नसतो, फिरती चकती नसते, पुष्कळदा मागील खेपेचे जतन केलेले बीजही नसते. कारखान्यातून आलेले असे उपकरण प्रथम सुरू झाले की, काही सेकंदांतच आपली कायमची किल्ली बनविते. त्या वेळी एकाच नमुन्याच्या हजारो उपकरणांतील साठे जवळजवळ एकसारखे असतात. म्हणून पहिली मूळ संख्या सर्वांना तीच मिळे. ती काढता काढता घड्याळाचा सेकंद पुढे सरके, नवी वेळ साठ्यात मिसळली जाई व दुसरी मूळ संख्या वेगळी येई. दोन्ही संख्या सारख्या आल्या असत्या, तर किल्लीची निव्वळ नक्कल झाली असती. एकच सारखी आल्यामुळे ती त्रयस्थालाही काढता येऊ लागली. यांपैकी अनेक उपकरणांनी ‘यूरँडम’ हे न थांबणारे द्वार वापरले होते आणि साठा रिकामा असतानाही त्या द्वाराने मागितलेले अंक निमूटपणे देऊन टाकले होते.

यावर तीन प्रकारचे उपाय योजण्यात आले. उपकरणाचा अनुक्रमांक, जाळ्यातील पत्ता इ. मूल्ये गुप्त नसली, तरी ती साठ्यात मिसळल्याने दोन उपकरणे निदान एकसारखी राहत नाहीत. लिनक्समध्ये हे २०१२ मध्येच करण्यात आले व अशा मूल्यांना एंट्रॉपीचे श्रेय अर्थातच दिले जात नाही. दुसरा उपाय म्हणजे २०१४ मध्ये लिनक्समध्ये आलेली ‘गेटरँडम’ ही सेवा. पहिले बीज पुरेसे होईपर्यंत ती वाचकाला थांबविते व त्यानंतर कधीही थांबवीत नाही. तिसरा उपाय जुनाच आहे. यंत्र बंद होताना जनकातून काही अंक घेऊन फाइलीत ठेवावयाचे व पुढील खेपेस आरंभीच ते साठ्यात मिसळावयाचे. ओपनबीएसडी या प्रणालीत हे जतन केलेले बीज आरंभक आज्ञावलीच परिचालन प्रणालीच्या गाभ्याला सुपूर्द करते. तथापि एकाच प्रतिमेवरून शेकडो यंत्रे तयार केली व त्या प्रतिमेत बीजाची फाइल राहून गेली, तर उपायच अपाय होतो.

थांबविण्याच्या धोरणाचा विपरीत परिणाम २०१९ मध्ये दिसला. लिनक्सच्या एका नव्या आवृत्तीत चकतीवरील वाचन अधिक कार्यक्षम करण्यात आले. त्यामुळे आरंभी येणारे व्यत्यय-संकेत घटले, साठा भरेनासा झाला व ‘गेटरँडम’ची वाट पाहत काही यंत्रे सुरू होतानाच अडकून पडू लागली. एका विभागातील निर्दोष सुधारणेने दुसऱ्या विभागाचा अन्नपुरवठाच तोडला होता. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी तेव्हा असा मार्ग काढला की, वाट पाहावी लागल्यास यंत्राने स्वस्थ न बसता एक निरर्थक आवर्तन चालवावे व त्यास लागणाऱ्या वेळेतील थरथर जलद गणित्राने टिपून साठा भरावा. प्रक्रियकातील अनेक परस्परावलंबी घटकांमुळे ही थरथर प्रत्यक्षात आढळते. मात्र तिच्यातील किती भाग खरोखर भौतिक अनिश्चिततेचा व किती केवळ गुंतागुंतीचा, याविषयी तज्ञांत एकमत नाही. अगदी साध्या प्रक्रियकांत तर जलद गणित्रच नसते.

साधनांवरील विश्वास : प्रक्रियकातच वेगवान जनक असताना इतका खटाटोप कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे. अडचण अशी की, बंद चिपच्या आत खरोखर गोंगाट मोजला जातो की एखाद्या गुप्त किल्लीने केवळ क्रमांक सांकेतिक केले जातात, हे बाहेरून ओळखण्याची कोणतीही कसोटी नाही. ही शंका निव्वळ काल्पनिक म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००६ मध्ये शिफारस केलेल्या ‘ड्युअल ईसी’ या गणिती जनकात चोरवाट ठेवता येते, असे डॅन शुमोव व नील्स फर्ग्युसन यांनी २००७ मध्ये दाखविले होते. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांनंतर त्या संशयाला बळकटी आली व २०१४ मध्ये संस्थेने ती शिफारस मागे घेतली. त्याच काळात फ्रीबीएसडीने प्रक्रियकातील जनकाचे प्रदान थेट वापरणे बंद करून ते इतर उद्गमांबरोबर साठ्यात मिसळण्याचे ठरविले. मिसळण्याने लबाड उद्गम निष्प्रभ होतो. मात्र तो इतर उद्गमांची मूल्ये पाहून स्वतःचे मूल्य ठरवू शकत नसला तरच.

लबाडीपेक्षा साधा बिघाड अधिक संभवनीय असतो. एएमडी कंपनीच्या २०१९ मधील नव्या प्रक्रियकांत प्रारंभी ‘आरडीरँड’ ही आज्ञा सर्व बिट १ असलेली एकच संख्या पुनःपुन्हा देई व काम यशस्वी झाल्याचेही कळवी. काही लिनक्स-वितरणे त्यामुळे सुरूच होईनात आणि दोष तत्काळ लक्षात आला. अंक थोडे कमी नियमित असते, तर तो कदाचित दीर्घकाळ झाकून राहिला असता. वर्तुळाकार आंदोलकांच्या बाबतीत केंब्रिज येथील ए. थिओडोर मार्केटोस व सायमन मूर यांनी २००९ मध्ये दाखविले की, वीजपुरवठ्यातून योग्य कंप्रतेचा संकेत घुसविल्यास आंदोलक त्या संकेताशी तालबद्ध होतात व त्यांची थरथर नाहीशी होते. म्हणून जनकाच्या कच्च्या प्रदानावर सतत लक्ष ठेवणाऱ्या चाचण्या यंत्रातच ठेवतात. एकच मूल्य लागोपाठ फार वेळा येते काय व ठराविक खिडकीत एखाद्या मूल्याचे प्रमाण वाजवीपेक्षा वाढते काय, या दोन चाचण्या अमेरिकन मानकाने २०१८ मध्ये आवश्यक ठरविल्या आहेत. चाचण्या कच्च्या बिटांवर करणे महत्त्वाचे आहे. संस्कारानंतर मेलेले साधनही जिवंत भासते.

आभासी यंत्रे : एका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालविण्याच्या पद्धतीने हा प्रश्न नव्या रूपात पुढे आला आहे. आभासी यंत्राला स्वतःची भौतिक साधने नसल्याने त्याचे व्यत्यय-संकेतही यजमान यंत्रानेच पुरविलेले असतात. यासाठी यजमानाच्या जनकातून बीज घेणारे एक आभासी उपकरण लिनक्समध्ये २००८ पासून उपलब्ध आहे. अर्थात यजमानावर पूर्ण विश्वास टाकल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. याहून अवघड गोष्ट आहे ती गोठविलेल्या अवस्थेची. चालू आभासी यंत्राची संपूर्ण स्मृती एका क्षणी जतन करता येते व तीपासून तेच यंत्र पुनःपुन्हा जागे करता येते. जनकाची अवस्थाही स्मृतीतच असल्यामुळे अशा दोन जागृतींत तेच अंक पुन्हा बाहेर पडतात. टॉमस रिस्टनपार्ट व स्कॉट यिलेक यांनी २०१० मध्ये या मार्गाने सर्व्हरची गुप्त किल्ली मिळविता येते हे दाखविले. यावर उपाय म्हणून यजमान प्रत्येक जागृतीस नवा ओळख-क्रमांक देतो व तो बदललेला दिसताच लिनक्सचा जनक २०२२ पासून ताबडतोब नवे बीज घेतो. तथापि क्रमांक बदलणे व तो लक्षात येणे यांत अत्यल्प काल जातोच. शिवाय एखाद्या आज्ञावलीने आपल्यापुरता स्वतंत्र जनक ठेवला असल्यास परिचालन प्रणालीला मिळालेले नवे बीज तिच्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही.